जूनमध्ये आई-बाबांना घेऊन प्लाया देल कारमेनला: कागदपत्रांपासून सार्गासोपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसमध्ये राहणारं कुटुंब, नवरा-बायको दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलं दहा आणि सहा वर्षांची. भारतातून आई-बाबा आले आहेत, वय ६८ आणि ७२. शाळा सुटल्यावर जूनमध्ये पाच दिवस मेक्सिकोतल्या प्लाया देल कारमेनला जायचं मनात आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलं सोडली तर पोहता कुणालाच येत नाही. जावं का, आणि गेलं तर काय सांभाळावं?

मी गेली बरीच वर्षं ह्यूस्टनमधून मराठी कुटुंबांच्या सहली त्या किनाऱ्यावर नेतो, त्या अनुभवातून लिहितो आहे. जा, नक्की जा. पण जूनमध्ये तिथला दिवस कसा जाणार हे समुद्र ठरवतो, आपण नाही. त्यामुळे कागदपत्रं आणि राहण्याची जागा आधीच पक्की करा आणि बाकीचं वेळापत्रक सैल ठेवा. पाचही दिवसांचं आगाऊ बुकिंग करून गेलेली कुटुंबं सगळ्यात जास्त चिडून परत येतात.

आधी कागदपत्रं, कारण ती चुकली तर विमानतळावरूनच परत यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा मेक्सिकन व्हिसा काढावा लागत नाही. इथे ‘वैध’ म्हणजे पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का मुदतीतला असणं. पुष्कळ जणांचा एच-१बीचा शिक्का संपलेला असतो आणि हातात फक्त मुदतवाढीच्या मंजुरीचा कागद, आय-७९७, असतो. त्या कागदावर मेक्सिको आत घेत नाही. गोंधळ होतो तो अमेरिकेच्या एका सवलतीमुळे: शिक्का संपलेला असला तरी आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद, चालू असेल, तर मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा कमी राहून परत येता येतं. ही सवलत अमेरिकेत परत शिरण्यापुरती आहे. मेक्सिकोत शिरायला शिक्का हवाच, नाहीतर मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर तिकीट काढण्याआधी तुमच्या वकिलाला विचारा.

आई-बाबांच्या बी-१/बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, ते बघा. भारतीयांना सहसा तसाच व्हिसा मिळतो, तरी शिक्का डोळ्याखालून घाला. ‘मेक्सिकोला जाऊन आलं की पुन्हा नव्याने सहा महिने मिळतात’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. इतक्या छोट्या सहलीनंतर अधिकारी जुनीच मुदत कायम ठेवू शकतो. शिवाय मोबाइलवर आधी चेक-इन केलं असलं तरी भारतीय पासपोर्टाचे कागद विमान कंपनीच्या काउंटरवर तपासले जातात, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा.

कानकूनच्या विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टावर शिक्का मारताना अधिकारी दिवस लिहितो. ते दिवस तिथेच वाचा आणि मुक्कामापेक्षा कमी असतील तर तिथल्या तिथे सांगा. कस्टममध्ये आपल्या लोकांना नडते ती लॅपटॉपची गोष्ट. माणशी एकच लॅपटॉप करमुक्त आहे. ऑफिसचा एक, घरचा एक असे दोन एकाच्याच बॅगेत निघाले तर दुसऱ्यावर कर लागू शकतो. सोबत माणसं भरपूर आहेत, तेव्हा माणशी एक अशी वाटणी करा. ताजी फळं, बियाणं, कच्चं धान्य, मांस नेऊ नका. आईसाठी खायचं न्यायचं असेल तर सीलबंद, लेबल असलेली पाकिटं न्या, म्हणजे उपमा, पोहे वगैरे. आणि फॉर्मवर ती जाहीर करा.

कस्टमच्या दारातून बाहेर आलात की एक मोठं दालन लागतं. तिथे गणवेश घातलेली, हातात फाइल धरलेली माणसं ‘तुमची टॅक्सी कुठली?’ असं मदतीच्या सुरात विचारतात. ती टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षातल्या काही दिवसांचा वाटा, विकणारी माणसं असतात. न थांबता सरळ इमारतीच्या बाहेर चला. तुमची खरी गाडी बाहेर उभी असते.

विमानतळ ते प्लाया हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे, तासाभराचा रस्ता. तुम्ही सहा जण आहात, म्हणून आधीच ठरवलेली खासगी व्हॅन घ्या. दरडोई पैसे फार जास्त पडत नाहीत आणि मुलाची सीट आगाऊ मागता येते. दोघं-तिघंच असते तर मी एडीओ कंपनीची बस सांगितली असती. ती वातानुकूलित आणि वक्तशीर असते आणि थेट गावात सोडते. फक्त गावात एडीओची दोन स्थानकं आहेत, एक किन्ता आवेनिदा या बाजारपेठेच्या रस्त्याच्या सुरुवातीला आणि दुसरं थोडं आतल्या बाजूला. तिकिटावर कुठलं नाव आहे ते बघूनच उतरायचं. ॲपवरच्या टॅक्सी आणि तिथल्या टॅक्सी संघटना यांचं जुनं भांडण आहे, ज्येष्ठ मंडळी सोबत असताना त्यात पडू नका. गावातल्या टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं विचारायचं, आणि ते पेसोमध्ये.

आता राहण्याची जागा, कारण इथे निवड चुकली तर पाचही दिवस त्रास होतो. गावाची मांडणी सोपी आहे. समुद्राला समांतर ‘आवेनिदा’ पाचच्या पटीत जातात: ५, १०, १५, २०, २५, ३०. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे ‘काये’, आणि हुआरेस रस्त्याच्या उत्तरेला त्यांचे आकडे सम आहेत: २, ४, ६ असे. त्यामुळे ‘काये ३० आणि आवेनिदा १०’ असा पत्ता वाचला की समुद्रापासून किती आत आणि किती उत्तरेला ते लगेच कळतं. पाचवी, म्हणजे किन्ता आवेनिदा, ही पायी फिरायची बाजारपेठ आहे. काये १२ च्या आसपास रात्री उशिरापर्यंत डिस्को चालतात आणि त्यांचा ठेका बंद खिडकीतूनही ऐकू येतो. आई-बाबांसाठी तो भाग टाळा. काये ३० च्या उत्तरेला, आवेनिदा १० ते २० च्या दरम्यान, एक-दोन शयनकक्षांचे फ्लॅट मिळतात. समुद्र चालत आठ-दहा मिनिटांवर, रात्री शांतता, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर. बुक करताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. तीन मजली इमारतीत नसायची शक्यता बरीच असते आणि फोटोंमध्ये जिना दिसत नाही.

दुसरा पर्याय दक्षिणेचा प्लायाकार, कुंपणाआतली वसाहत. तिथे ‘सगळं समाविष्ट’ हॉटेलं आहेत. ज्यांना हॉटेलच्या आवाराबाहेर पडायचंच नाही त्यांच्यासाठी ती ठीक आहेत. पण आई शाकाहारी असताना तिथल्या बुफेवर मी विसंबणार नाही, कारण तिथे पदार्थ पुष्कळ असतात आणि त्यात काय घातलंय हे सांगणारा माणूस मिळत नाही.

तुमच्या जून महिन्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा विषय म्हणजे सार्गासो. हे तपकिरी रंगाचं तरंगतं समुद्री शेवाळ आहे. २०११ पासून ते अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणात कॅरिबियनमध्ये वाहत यायला लागलं, आणि साधारण एप्रिल ते ऑगस्ट या काळात पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग लागतात. प्लायाचा किनारा नेमका तसाच आहे. मेक्सिकोचं नौदल समुद्रात अडथळ्याच्या रांगा लावतं आणि बोटींनी ते गोळा करतं, हॉटेलांची माणसं पहाटे फावड्यांनी किनारा साफ करतात. तरी एखाद्या दिवशी वारा फिरला की दुपारपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. बाबांना किंवा मुलांपैकी कुणाला दमा असेल तर अशा दिवशी किनाऱ्यावर बसू नका. पायात चपला ठेवा, ढिगात हात घालू नका, त्यातल्या बारीक जीवांमुळे अंगाला खाज सुटते.

याचा अर्थ जूनमध्ये जाऊ नये असा नाही. सार्गासो दररोज सारखा नसतो आणि सगळीकडे तर नसतोच. स्थानिक निरीक्षण करणारे लोक रोज रंगांच्या खुणांचा नकाशा इंटरनेटवर टाकतात, शिवाय किनाऱ्यावरचे कॅमेरे थेट दिसतात. सकाळी चहा घेताना ते बघायचं आणि मगच दिवस ठरवायचा. पाणी स्वच्छ असेल तर लगेच किनारा गाठायचा, कारण दुपारी काय होईल सांगता येत नाही. पाणी खराब असेल तर समोरचं कोझुमेल बेट किंवा सेनोते, म्हणजे जमिनीतल्या गोड्या पाण्याच्या नैसर्गिक विहिरी.

कोझुमेलची फेरी गावाच्या दक्षिण टोकाच्या धक्क्यावरून सुटते, तिथल्या फुंदादोरेस चौकातल्या दोन नग्न मानवाकृतींच्या उंच कांस्य कमानीला लागूनच. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसायचं आणि गोळी निघण्याआधी घ्यायची. लाटा सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. कोझुमेलचा पश्चिम किनारा मुख्य भूमीकडे तोंड करून असल्यामुळे सार्गासो तिथे क्वचितच लागतो. पाणी शांत असतं, आणि छत्रीखाली खुर्च्या मिळणारे किनाऱ्यावरचे क्लब आहेत. न पोहणाऱ्या चार मोठ्या माणसांना दिवस घालवायला ती जागा फार चांगली. पूर्व किनारा दिसायला देखणा आहे, पण तिथल्या लाटांत उतरायचं नाही.

पाण्यात उतरण्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा. किनाऱ्यावर निशाणं असतात: हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळं म्हणजे समुद्र बंद. लाल निशाण असताना शेजारचा माणूस पोहत होता हे कारण होऊ शकत नाही. मुलांना पोहता येतं म्हणजे तलावात पोहता येतं. समुद्रात त्यांच्यासोबत हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस हवा, आणि तुम्हा दोघांना पोहता येत नाही म्हणून कमरेच्या वर पाणी जाईल इतकं आत जायचं नाही, ही हद्द पक्की ठेवा. अगदी लहान मुलांसाठी गावाच्या उत्तर टोकाला पुंता एस्मेराल्दा आहे. तिथे जमिनीतून गोड्या पाण्याचा झरा येऊन समुद्राला मिळतो आणि वाळूत गुडघाभर खोलीचं तळं तयार होतं. रविवारी तिथे गावातली कुटुंबं डबे घेऊन येतात, म्हणून तुम्ही आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा.

सगळ्या किनाऱ्यांवर कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे, हॉटेलसमोरची वाळूही सार्वजनिकच आहे. खुर्च्या-छत्र्या खासगी असतात, वाळू नाही. रस्त्यावरून किनाऱ्याकडे जाणारी बोळं ठरलेली आहेत. त्यातून जायचं आणि आपली चटई अंथरायची.

सेनोतेबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण माझ्या मते त्या भागाची खरी श्रीमंती तीच आहे. युकातान द्वीपकल्प चुनखडीचा आहे आणि त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाही. पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि जमिनीखालच्या गुहांतून समुद्राकडे जातं. जिथे गुहेचं छत कोसळलं तिथे आकाशाकडे उघडलेली विहीर तयार झाली, ती सेनोते. प्राचीन माया लोकांची वस्ती याच पाण्यावर टिकली. तुलुमजवळच्या साक आक्तुन या गुहासमूहाची पाण्याखालून मोजलेली लांबी २०१८ मध्ये ३०० किलोमीटरच्या पुढे गेली. हे सगळं पाणी शेवटी त्या किनाऱ्यासमोरच्या प्रवाळरांगेपर्यंत पोचतं. म्हणून अंगाला क्रीम फासून सेनोतेत उतरू नका. प्रवेशाजवळ नळ असतो, तिथे अंग धुऊनच पाण्यात जायचं असतं. हा नियम मनापासून पाळा. जमिनीखालचं ते पाणी वाहतं असलं तरी त्यात गेलेली घाण काढायला कुणी जाऊ शकत नाही. उन्हासाठी लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घ्या. त्यांच्यामुळे क्रीम चेहऱ्यापुरतंच लागतं, आणि तेही झिंक ऑक्साइडचं घ्या.

प्लायाहून दक्षिणेला ३०७ क्रमांकाच्या महामार्गावर क्रिस्तालिनो, असूल आणि हार्दिन देल एदेन हे तीन उघडे सेनोते जवळजवळ आहेत. त्यातला असूल मुलांना आणि आजी-आजोबांना सोयीचा. त्याला उथळ भाग आहेत, काठावर बसून पाय सोडता येतात आणि बारीक मासे येऊन पायांना चावे घेतात. चावे लागत नाहीत, गुदगुल्या होतात. खडक शेवाळामुळे निसरडे असतात, म्हणून बाबांना रबरी तळाचे बूट घाला. जीवरक्षक जाकीट भाड्याने मिळतं, ते सगळ्यांनी घाला. पाणी गार असतं, साधारण २४-२५ अंश, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने एकदम उडी मारायची नाही. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि पेसो रोख न्या, कार्ड चालेलच असं नाही.

माया लोकांच्या जुन्या शहरांचे अवशेष बघायला सगळे चिचेन इत्साचं नाव घेतात. जागा थोर आहे, पण तुमच्या कुटुंबाला जूनमध्ये तिथे मी नेणार नाही. गाडीने अडीच तास, आत सावली जवळपास नाही, हवा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी, आणि पिरॅमिडवर चढायला बरीच वर्षं बंदी आहे. जायचंच असेल तर आठला दार उघडतं तेव्हा पोचा. चिचेन इत्सा युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ प्लायापेक्षा एक तास मागे असतं, त्यामुळे सकाळी एक तास पदरात पडतो आणि परतीला तोच जातो. तिकीटही दोन भागांत असतं, एक केंद्र सरकारचं, एक राज्याचं. दोन्ही घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

त्यापेक्षा कोबा बघा. झाडीतलं शहर, अवशेष एकमेकांपासून लांब-लांब, आणि त्यांच्यामध्ये जंगलातल्या सावलीच्या वाटा. दाराजवळ तीनचाकी सायकली भाड्याने मिळतात. आई-बाबा पुढच्या बाकावर बसतात आणि चालवणारा मागून पेडल मारतो. वाटेत तो थांबतो, झाडं दाखवतो, माया भाषेतली नावं सांगतो. माया भाषा तिथे आजही घराघरात बोलली जाते. बाबांसारख्या माणसाला हे चालवणाऱ्याचं बोलणं दगडांपेक्षा जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे.

आता आईचं जेवण. ‘सोय वेहेतारियाना’ एवढं सांगून भागत नाही. पुष्कळ जणांच्या डोक्यात शाकाहार म्हणजे लाल मांस नको, कोंबडी चालेल. शिवाय मांस दिसत नाही तिथेही ते असतं. भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते, भाज्यांच्या सूपचा आधारही कोंबडीचा रस्साच असतो, तामाले या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात चरबी मळतात. म्हणून एक कागद तयार ठेवा आणि वेटरच्या हातात द्या. त्यावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या, उच्चार असे: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो, सिन काल्दो दे पोयो, सिन मान्तेका. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडं, कोंबडीचा रस्सा आणि चरबी, यातलं काहीही नको. ‘मान्तेका’ हा शब्द विसरू नका. बाकी सगळं सांगितलं तरी चरबी तेवढी राहून जाते.

निर्धास्तपणे खाण्यासारखंही पुष्कळ आहे. मक्याच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पातळ भाकरीत, मका, पाणी आणि चुना यांशिवाय काही नसतं. गव्हाच्या तोर्तियात चरबी असू शकते, म्हणून मक्याचीच मागा, ‘दे माईस’. त्यात चीज, भोपळ्याची फुलं, मशरूम किंवा नोपाल, म्हणजे निवडुंगाची काटे काढलेली पानं, घालून देतात. टपरीवर एकाच तव्यावर मांसही भाजतात. तेव्हा आईची तोर्तिया वेगळ्या कोपऱ्यात भाजायला सांगा किंवा जिथे मांसाचा तवा वेगळा दिसतो तिथेच थांबा. संध्याकाळी गाडीवर उकडलेल्या मक्याचे दाणे पेल्यात घालून देतात, त्याला एस्कितेस म्हणतात. त्यात मेयोनेज असतं आणि मेयोनेजमध्ये अंडं, म्हणून ‘सिन मायोनेसा’ सांगायचं. लिंबू, तिखट आणि चीज घालून आई आवडीने खाईल. फळवाला आंब्याच्या, हिकामा या कुरकुरीत कंदाच्या, काकडीच्या फोडी प्लास्टिकच्या पेल्यात उभ्या लावतो, वरून लिंबू पिळतो आणि लाल तिखट भुरभुरवतो. तो पेला हातात आला की घरची आठवण येते. बाजारात चिकू दिसला तर जरूर घ्या. त्याचं झाड मूळचं याच भागातलं, आणि या जंगलांतून त्याचा चीक काढून च्युइंग गम बनवायचा मोठा धंदा एकेकाळी चालत असे.

फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर असेल तर चेद्रावी, सोरियाना, वॉलमार्ट अशा दुकानांत तांदूळ, डाळ (मसुरीची सहज मिळते), दही, भाज्या मिळतात. एक वेळ घरी खिचडी आणि एक वेळ बाहेर, असं केलं की सगळ्यांची पोटं सांभाळली जातात.

नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही बाटलीचं वापरा. फ्लॅटमध्ये पिण्याच्या पाण्याची २० लिटरची मोठी बाटली, गार्राफोन, असते, ती संपली की मालकाला कळवा. उपाहारगृहातला मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. गाडीवर लादीचा फोडलेला बर्फ दिसला तर नको म्हणा. पोट बिघडलंच तर कुठल्याही छोट्या दुकानात इलेक्ट्रोलित या क्षारयुक्त पेयाच्या बाटल्या मिळतात, लगेच सुरू करा. रोजची औषधं पुरेशी, मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत न्या. पर्यटकांच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानांतून गोळ्या घेऊ नका, अशा काही दुकानांत बनावट आणि घातक गोळ्या सापडल्याने अमेरिकन सरकारने २०२३ मध्ये इशारा दिला होता. प्रतिजैविकांना तिथे डॉक्टरची चिठ्ठी लागते. आई-बाबांचा अमेरिकेतला प्रवासी विमा मेक्सिकोत लागू आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा. बऱ्याच पॉलिसींत नसतो किंवा फार मर्यादित असतो, आणि पर्यटन भागातली खासगी रुग्णालयं दाखल करून घेण्याआधी अनामत मागतात. पाच दिवसांसाठी वेगळा विमा काढायला फार पैसे लागत नाहीत.

आणखी एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. अनेक ठिकाणी कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या टोपलीत टाकायची पद्धत आहे, कारण नळ्या अरुंद असतात. पाण्याचा फवारा नसतो. एक हलका मग बॅगेत टाका, आई-बाबांची गैरसोय टळेल.

पैशांबाबत: सगळं पेसोत द्या. डॉलर घेतात, पण दर दुकानदाराचा असतो. पैसे बँकेच्या शाखेतल्या एटीएममधूनच काढा, किन्तावर दुकानांच्या दारात उभी असलेली सुटी यंत्रं वापरू नका. पैसे काढताना पडद्यावर ‘या दराने डॉलरमध्ये बदलून घ्यायचं का’ असं विचारतात. तिथे नकार द्या. नकार दिला तरी पैसे येतात, आणि तुमच्या बँकेचा चांगला दर लागतो. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तो तिथला शिष्टाचार आहे: ‘ला क्वेंता, पोर फाव्होर’. टीप १० ते १५ टक्के. आधी बिलात ‘सेर्व्हिसिओ’, म्हणजे सेवाशुल्क, लावलंय का ते बघा. हॉटेलात खोलीमागे रोज थोडा पर्यावरण कर घेतात. राज्याचा व्हिसिटॅक्स नावाचा करही परदेशी प्रवाशांना आहे. तो भरताना राज्य सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा, दिसायला तशीच असणारी पण जास्त पैसे घेणारी पुष्कळ संकेतस्थळं आहेत.

रात्री किन्तावर मुलांना घेऊन फिरायला काही हरकत नाही. कानाशी येऊन अमली पदार्थ विचारणारे भेटतात. उत्तर न देता चालत राहायचं. मागच्या अंधाऱ्या गल्ल्यांतून किंवा रिकाम्या किनाऱ्यावरून रात्री जायचं नाही. जूनमध्ये समुद्रकासवं अंडी घालायला रात्री वाळूवर येतात. हॉटेलसमोर दिसलं तर लांब उभे राहा, टॉर्च आणि मोबाइलचा दिवा बंद ठेवा. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. मुलांना ते दृश्य अंधारातच दाखवा.

वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. जूनमध्ये धोका ऑगस्ट-सप्टेंबरइतका नसतो, पण २०२४ मध्ये बेरिल हे चक्रीवादळ ५ जुलैलाच तुलुमजवळ धडकलं होतं. म्हणून तिकीट आणि फ्लॅट दोन्ही रद्द करता येतील असेच घ्या. दुपारी तासभर जोराचा पाऊस आला तर घाबरायचं कारण नाही, तो रोजचाच आहे. त्या वेळी झोप काढा.

माझ्या हातात असतं तर पहिला दिवस फक्त पोचणं आणि संध्याकाळी फुंदादोरेस चौक, तिथे उंच खांबावरून दोरांनी फिरत खाली येणारे व्होलादोरेस मुलांना दाखवायला. मधल्या तीन दिवसांत एक कोझुमेल, एक सेनोते आणि एक कोबा, क्रम समुद्राचा नकाशा बघून. ज्या सकाळी पाणी निळं असेल त्या सकाळी बाकी सगळं पुढे ढकलून किनारा.

परतीला विमानाच्या तीन तास आधी पोचा, कुठलं टर्मिनल ते आदल्या रात्री बघून ठेवा. पिशवीतलं उरलेलं फळ विमानतळावर संपवा, अमेरिकेच्या कस्टममध्ये ते चालत नाही. आणि घरी पोचल्यावर सहाही जणांचं आय-९४ संकेतस्थळावरून उतरवून तारखा वाचा. पासपोर्टाची मुदत लवकर संपत असेल तर आय-९४ची तारीखही अलीकडची पडते, आणि ते लक्षात न आल्यामुळे पुढे मोठे घोळ होतात. आई-बाबांच्या परतीच्या तिकिटाशी ती तारीख जुळते ना, तेही त्याच दिवशी बघून टाका.